कडेवरची टिली

टेक्सासमधल्या अर्विंगच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये आईनं फोडणी घातली की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागायचा आणि बाबा वर्तमानपत्राची घडी घेऊन खुर्चीवर चढून त्याला वारा घालायचे. रविवारची सकाळ अशीच उजाडायची. बाबांना त्याचा राग येत नसे, ते खुर्ची आधीच आणून ठेवत. खिडकी उघडली की हायवेची घरघर आत यायची, आणि अधूनमधून एखादं विमान इतक्या खालून जायचं की कपाटातल्या वाट्या किणकिणायच्या. आम्ही नागपूरचे. तिथे आई शाळेत मराठी शिकवायची. इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी व्हिसामुळे तिला नोकरी करता येत नव्हती, म्हणून दुपारी ती गॅलरीत बसून खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघायची. कुठली गाडी कोणाची, कोण कधी येतं, कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे सगळं तिला त्या गाड्यांवरून कळायचं. एकदा ती मला म्हणाली होती, "मला या बिल्डिंगचा सगळा इतिहास पाठ आहे, पण एकाही माणसाशी मी बोललेले नाही." तक्रारीचा सूर नव्हता त्यात. गोळाभाताचे गोळे वळता वळता सहज म्हणाली होती.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या बायोलॉजीच्या बाईंनी वर्गात सांगितलं की पूर्वेला, पाइनच्या जंगलाच्या बाजूला, चिंपांझींची एक सँक्चुअरी आहे आणि त्यांना उन्हाळ्यासाठी व्हॉलंटिअर हवे आहेत. मी घरी येऊन जेवताना विषय काढला.

"म्हणजे झू," बाबा म्हणाले.

"झू नाही, बाबा. तिथे लोक बघायला येत नाहीत."

"मग कशासाठी असते ती?"

"त्यांना राहायला."

बाबांनी भातावर तेल घेतलं आणि कालवलं. मग म्हणाले, "इतकं सगळं सोडून आलो आपण, ते तुला माकडं सांभाळायला मिळावीत म्हणून?" मी म्हटलं, चिंपांझी माकड नसतो, त्याला शेपूट नसतं. बाबा म्हणाले, शेपटाचा प्रश्नच नाहीये. तो कशाचा प्रश्न आहे हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आई दोघांना ताक वाढत होती. ती म्हणाली, "तिथे माझ्यासारख्या बाईला काही काम असेल का गं?"

ते विचारणं इतकं साधं होतं की बाबा चिडू शकले नाहीत. आईला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि ती हायवेवर एकाच लेनमधून, मागच्यांचे हॉर्न ऐकत, शांतपणे गाडी चालवायची. तर असं ठरलं की मी तिथेच एका ट्रेलरमध्ये राहायचं आणि आईनं दर शनिवारी येऊन सँक्चुअरीच्या स्वयंपाकघरात मदत करायची. दोघींचंही काम बिनपगारी, त्यामुळे व्हिसाला धक्का नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी आईला विचारलं की मृणालची इंटर्नशिप कुठे आहे, मेडिकलला का? आई म्हणाली, "नर्सरीत आहे." काकूंना वाटलं झाडांची.

सँक्चुअरीत सकाळ व्हायची ती आवाजानं. आधी एखाद्याच्या घशातून हळू 'हू-हू' यायचं, ते चढत जायचं, दुसरा त्यात सामील व्हायचा, मग तिसरा, आणि शेवटी सगळे मिळून असा कल्लोळ करायचे की ट्रेलरचा पत्रा वाजायचा. पहिल्या दिवशी मी अंथरुणात ताठ बसून राहिले. आठवड्याभरात ते ऐकल्याशिवाय मला जाग येईना. तांबडी माती, उंच पाइन, आणि त्यांच्यामध्ये चार भिंतींनी वेढलेली मोठमोठी अंगणं, त्यांत लाकडी मचाणं, दोर, टायर. अंगणाला लागून आतल्या खोल्या, जाळीच्या भिंतींच्या आणि सरकत्या लोखंडी दारांच्या. जाळीपासून हातभर अंतरावर जमिनीवर एक लाल रेषा रंगवलेली होती. तिच्या आत पाय टाकायचा नाही, कधीही नाही, समोरचा कितीही प्रेमळ दिसत असला तरी. मोठा चिंपांझी माणसाचा हात सहज मोडू शकतो. लोरेन, म्हणजे तिथली प्रमुख, ही गोष्ट पहिल्या तासात सांगायची. तिच्या डाव्या हाताच्या करंगळीचं टोक नव्हतं. आम्ही सगळे नवे व्हॉलंटिअर त्या करंगळीकडे बघत तिचं म्हणणं मुकाट्यानं ऐकायचो. पुढे कळलं की ती करंगळी गाडीच्या दारात सापडली होती. लोरेन हे कोणी विचारल्याशिवाय सांगत नसे.

तिथले सगळे चिंपांझी कुठून ना कुठून वाचवून आणलेले होते. कोणी सर्कशीतला, कोणी प्रयोगशाळेतला, कोणी कुणाच्या तरी दिवाणखान्यात डायपर घालून वाढलेला आणि मोठा झाल्यावर नकोसा झालेला. मला त्यांच्यात रूबी आवडायची. ती अंगानं जाड, कपाळावरचे केस गेलेले, एक कान फाटका. तरुणपणी ती एका पैदास करणाऱ्याकडे होती. तिला झालेलं प्रत्येक पिल्लू दूध पीत असतानाच तिच्याकडून काढून घेतलं गेलं होतं, कारण तेवढी लहान पिल्लंच जाहिरातींना आणि वाढदिवसाच्या पार्ट्यांना चालतात. इथे आल्यावर ती कोणात फारशी मिसळली नव्हती. कुठूनसा सापडलेला एक जुना रबरी बूट ती सगळीकडे घेऊन फिरायची. बसली की मांडीत, चढली की मानेच्या नि खांद्याच्या बेचक्यात. माझ्याशी तिचं एक वेगळंच चालायचं. मी रेषेबाहेर स्टुलावर बसले की ती जाळीतून गवताची लांब काडी बाहेर सारून माझ्या बुटाची लेस ओढायचा प्रयत्न करायची. जमलं की तोंड उघडं टाकून धापा टाकल्यासारखं हसायची. त्यांचं हसणं तसंच असतं, आवाज न करता.

उन्हाळा संपला तरी मी कॉलेजला परत गेले नाही, कारण टिली आली.

रस्त्याकडेच्या एका खाजगी प्राणिसंग्रहालयातून ती आली. तिथे तिची आई पिंजऱ्यात मरून पडली होती आणि हे पिल्लू तिच्या अंगाला धरून तसंच बसलेलं होतं. अधिकाऱ्यांनी ते सोडवलं आणि लोरेनला फोन केला. कुत्र्यांच्या पेटीत, मळक्या टॉवेलात गुंडाळलेली टिली जेव्हा आमच्या दवाखान्यात उतरली तेव्हा ती वर्षाचीही नसावी. फिकट चेहरा, मोठाले कान, आणि सुरकुतलेले म्हाताऱ्यासारखे हात. ती रडत नव्हती. डॉक्टरनं तपासलं, सुई टोचली, तरी नाही. लोरेन मला म्हणाली, "ओरडणारं पिल्लू मला चालतं. हे गप्प आहे, मला भीती वाटते."

चिंपांझीचं पिल्लू पहिली काही वर्षं आईच्या अंगावरून खाली उतरत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून आम्हा तिघींना नेमलं गेलं, लोरेन, तिची एक जुनी सहकारी आणि मी. आम्ही आळीपाळीनं टिलीची आई व्हायचं, म्हणजे तिला अंगावर वागवायचं. बाकी कोणी तिच्याजवळ जायचं नाही. आमच्यातल्या कोणाला शिंक आली तरी तिनं लांब राहायचं, कारण आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. आम्ही मास्क लावायचो आणि लांब केसाळ कापडाचं एक जाकीट घालायचो, तिला मुठीत धरायला काहीतरी हवं म्हणून. सुरुवातीला तिनं ते धरलंच नाही. मी तिला छातीशी घेऊन दिवसभर येरझारा घालायचे आणि ती पिशवीसारखी लोंबकळत राहायची. बाटली तोंडाला लावली की ओठ मिटून घ्यायची. मग एका दुपारी, मी कपड्यांच्या घड्या घालत असताना, तिच्या बोटांनी माझ्या कमरेजवळचं जाकीट घट्ट पकडलं. मी घड्या घालत राहिले. बाटलीकडे हात नेला, तर ती स्वतःहून प्यायली, आणि संपल्यावर किंचाळली, आणखी हवं म्हणून. त्या दिवशी लोरेननं जेवणानंतर आम्हाला आइस्क्रीम दिलं.

पुढचे महिने मी कधी सरळ उभी राहिले असेन असं वाटत नाही. टिली डाव्या कडेवर असायची. मी मास्क किंचित उचलून घास घ्यायचे तेव्हा ती माझ्या हलणाऱ्या मास्ककडे बघत तोंड हलवायची. मी बाथरूमला जायचे तेव्हाही ती असायची. मला सगळं एका हातानं यायला लागलं. ती घाबरली की तिची नखं माझ्या मानेत रुतायची, आणि खुशीत असली की ती माझे केस विंचरायची, म्हणजे एकेक बट उचलून ओठांनी मच-मच असा आवाज करत तपासायची. मीही तसाच आवाज करून तिची पाठ तपासायचे. गुदगुल्या केल्या की ती रूबीसारखीच धापा टाकत हसायची. आता माझा डावा खुबा दुखतो आणि फिजिओथेरपीवाला मुलगा दर वेळी विचारतो की तुम्हाला किती मुलं झाली. मी दोन सांगते. तो म्हणतो, कडेवर फार घेतलेलं दिसतंय त्यांना. मी हो म्हणते.

सुट्टीला घरी गेले की मी जेवताना नकळत ओठांनी मच-मच करायचे. बाबांचा घास हातात राहायचा. माझ्या मानेवरचे ओरखडे त्यांनी एकदा पाहिले. दुसऱ्या दिवशी निघताना माझ्या बॅगेत जखमेच्या मलमाच्या ट्यूब होत्या, अर्धा डझन तरी. आई मात्र सगळं विचारायची. तिला टिलीजवळ जायची परवानगी नव्हती. ती शनिवारी स्वयंपाकघराच्या काचेतून आम्हाला बघायची. आईचं तिथे छान बस्तान बसलं होतं. रताळी, केलची पानं, भोपळी मिरच्या, पपया, डोंगरच्या डोंगर ती चिरायची, आणि कोणाला काय आवडतं हे तिला गाड्यांसारखंच पाठ झालं होतं. रूबी कांदा खात नाही, थॉमस नावाचा एक म्हातारा आधी फक्त द्राक्षं वेचतो, वगैरे. लोरेन तिला सुनंदाऐवजी 'सुनी' म्हणायची आणि आई तिला लोरेनबाई. दोघी सिंकपाशी उभ्या राहून तासन्‌तास बोलायच्या. आईचं इंग्रजी तिथे सुधारलं, आणि लोरेन आमची सांबारवडी इतकी खायला लागली की आई शुक्रवारीच सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडत बसायची.

मग एक दिवस लोरेननं सांगितलं की टिलीला आता रूबीकडे द्यायची.

मी म्हटलं, एवढ्यात कशाला.

"ती मोठी झाली की तुझा हात मोडेल," लोरेन म्हणाली. "रागानं नाही, खेळताना. त्या दिवसापासून तिला लाल रेषेच्या पलीकडे राहावं लागेल, आणि पलीकडे तिला ओळखणारं कोणी नसेल. तिची भाषाही कोणाला कळणार नाही, कारण ती तुझ्यासारखी बोलेल."

"पण रूबीच का? तिनं कधी पिल्लू वाढवलेलं नाही."

"तिला वाढवू दिलेलं नाही," लोरेन म्हणाली. "तो बूट तिनं एकदाही टाकलेला नाही बघ."

धोका होता आणि तो आम्हा सगळ्यांना माहीत होता. मोठे चिंपांझी परक्या पिल्लाला मारूही शकतात. लोरेननं आधीच्या नोकरीत ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याबद्दल ती एका वाक्यापलीकडे बोलत नसे. म्हणून सगळं सावकाश चाललं. आधी मी टिलीला कडेवर घेऊन रूबीच्या खोलीसमोर बसायचे, रेषेच्या बाहेर. रूबीनं पहिले काही दिवस पाठ फिरवली. मग काडी आली. माझ्या लेसकडे न जाता ती टिलीच्या टाचेला टेकली. टिलीनं पाय आखडला, मग पुन्हा सोडला. नंतर रूबीच्या खोलीला लागून असलेल्या मधल्या खोलीची बारीक जाळी दोघींमध्ये ठेवली, तिच्यातून बोटाची टोकं तेवढी जायची. रूबी टिलीचं बोट हुंगायची. टिली वळून माझ्याकडे बघायची, की हे चालतं का म्हणून. मी ओठांनी मच-मच करायचे, चालतं म्हणून.

दार उघडायचा दिवस शनिवारचा होता. डॉक्टर येऊन बसले, पाण्याचा मोठा पाइप लावून ठेवला, भांडण झालंच तर दोघींना वेगळं करायला. मी टिलीला मधल्या खोलीत नेलं आणि गवतावर बसवलं. तिनं जाकीट सोडलं नाही. मी तिची बोटं सोडवली की ती दुसऱ्या हातानं धरायची, हात सोडवला की पायानं. चिंपांझीला पायाचीही बोटंच असतात. शेवटी मी जाकीटच अंगातून काढलं, ते तिच्याकडे ठेवलं आणि दाराबाहेर निघून दार सरकवलं. तिला कळायला क्षणभर लागला. मग ती जाळीला येऊन चिकटली आणि ओरडायला लागली.

समोरचं, रूबीच्या खोलीचं दार उघडलं. रूबी उंबऱ्यावर येऊन बसली, बगलेत बूट घेऊन, आणि पुढे आली नाही. टिली माझ्या बाजूची जाळी धरून ओरडतच होती. बऱ्याच वेळानं रूबी उठली, हळूहळू जवळ आली आणि तिनं हात पुढे केला. टिलीनं वळून तिला कडकडून चावा घेतला. रूबी किंचाळली. तिच्या अंगावरचे सगळे केस उभे राहिले, तिनं तो बूट भिंतीवर दाणकन आपटला आणि ती आपल्या खोलीत परत गेली. डॉक्टरांनी पाइप हातात घेतला. मी कुठल्याही क्षणी दार उघडायच्या तयारीत होते.

"मृणाल," लोरेन अगदी हळू म्हणाली, "तू बाहेर जा."

"ती मला शोधेल."

"तू दिसतेस तोवर तिला दोन दारं आहेत. एकच राहू दे."

मी गेले. त्या इमारतीतून स्वयंपाकघरात यायला एक मोकळं अंगण लागतं, तेवढं ओलांडताना मागून येणारा तो आवाज माझ्या पाठीला धरून होता. आई रताळी सोलत होती. तिला काही सांगायची गरज नव्हती, सगळं ऐकू येत होतं. तिनं मला जवळ घेतलं नाही. सोलाणं पुढे केलं आणि म्हणाली, "हात धू, आणि बस इथे." मी सोलायला लागले. ओरडणं थांबत नव्हतं. प्रत्येक किंचाळीला माझा हात थांबायचा.

"तुला नागपूरला मावशीकडे ठेवून आलो होतो आम्ही," आई म्हणाली. "वर्षभर."

हे मला माहीतच होतं. घरात ते कधी लपवलेलं नव्हतं. बाबांची नोकरी पक्की होईपर्यंत मला तिकडेच ठेवलं होतं, मी पहिलीत होते. मला त्यातलं मावशीकडचं मांजर आणि गच्चीवरचा कूलर आठवतो, बाकी काही नाही.

"विमानतळावर तू रडली नाहीस," आई सोलत सोलत सांगत होती. "मला म्हणालीस, आई, पाणी पिऊन जा. अख्ख्या प्रवासात मी विचार करून राहिले होते, की ही रडली का नाही. मावशीला फोन केला की पहिलं विचारायची, रडते का? ती सांगायची, नाही गं, गुणी आहे एकदम. मला ते ऐकवायचं नाही. ज्याला वाटतं ना, की कोणीतरी येईल, तो ओरडतो. ही ओरडून राहिली आहे, तर ओरडू दे तिला. तुम्ही तिघींनी एवढं तरी नीट केलं आहे."

मी पुढचं रताळं उचललं. आई पातेल्यात पाणी भरायला उठली. मला आठवतं ते तिच्या हातावरचं रताळ्याचं चिकट पाणी, आणि बांगड्या मागे सारायची तिची सवय. त्या क्षणी मला तिच्याबद्दल काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. ती तेव्हा चाळिशीचीही नव्हती, म्हणजे आज माझी मुलगी जेवढी आहे त्याहून फार मोठी नव्हती, एवढंच आता राहून राहून जाणवतं.

ओरडणं एकदम थांबलं.

आम्ही दोघीही उभ्या राहिलो. ते थांबणं आधीच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. वॉकीटॉकी टेबलावर होता, त्यातून नुसती खरखर येत होती. मी दाराकडे निघाले तशी आई म्हणाली, "बोलावलं नाही अजून." मी उंबऱ्यात उभी राहिले. पाइनमधून वारा जात होता. थॉमस अंगणात कुठेतरी पत्र्यावर हात आपटत होता, रोजच्यासारखा. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग लोरेन स्वतःच अंगण ओलांडून आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "सुनी, पाणी दे."

पाणी पिऊन झाल्यावर तिनं सांगितलं. टिली ओरडून ओरडून दमली आणि जाकिटावर मुटकुळं करून पडली. रूबी पुन्हा आली. तिनं गवताची काडी घेऊन टिलीची टाच टोचली, रोज जाळीतून टोचायची तशी. टिलीनं डोळे उघडले. समोर तो बूट होता, रूबीच्या हातात लोंबत, आणि टिलीनं तो धरला. रूबीला आपला बूट कोणी धरलेला चालत नाही. तिनं तो ओढला. टिलीनं सोडला नाही. तिला काही धरायला मिळालं की ती सोडायचीच नाही, ते आमच्याइतकं कोणाला माहीत होतं? तर बूट रूबीकडे गेला आणि बुटाबरोबर टिलीही गेली. रूबीनं खाली बघितलं, बुटाला लोंबणारं ते पिल्लू वर उचललं आणि दोन्ही पोटाशी धरून कोपऱ्यात जाऊन बसली.

"आत्ता काय करते आहे?" मी विचारलं.

"तिचे कान बघते आहे," लोरेन म्हणाली. "आतून, बाहेरून. आणि मच-मच करते आहे."

सगळं तिथेच सुरळीत झालं असं नाही. रूबीला पिल्लाला दूध पाजायचं म्हणजे काय ते कळत नव्हतं. जाळीतून दिलेली बाटली पहिले कित्येक दिवस ती स्वतःच पिऊन टाकायची आणि टिली तिच्या पोटावर बसून बोंबलायची. तिला शिकवावं लागलं, की पिल्लू जाळीपाशी आणलं तर तुला खजूर मिळेल. रूबी खजुरासाठी टिलीला आणायची, मग हळूहळू खजूर नसतानाही आणायला लागली. टिलीला एकदा ताप आला आणि तेव्हा रूबीनं डॉक्टरला दोन दिवस हात लावू दिला नाही. हे सगळं मला लोरेनकडून कळायचं, कारण मला त्या इमारतीत जायला बंदी होती. माझा आवाज ऐकला असता तर टिली परत जाळीला चिकटली असती. मी स्वयंपाकघरात भाज्या चिरायचे आणि दुसऱ्या गटाची अंगणं धुवायचे. डावा हात मोकळा झाला होता आणि त्याचं काय करायचं ते मला समजायचं नाही. बादली मी मुद्दाम त्या हातात घ्यायचे.

मी पुढे कॉलेज पूर्ण केलं आणि लहान मुलांची नर्स झाले, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात आयुष्य गेलं. लोकांना यात संगती दिसते, मला तेवढी दिसत नाही. हॉस्पिटल घराजवळ होतं. आई-बाबा आता अर्विंगजवळच्या फ्रिस्कोला माझ्याच घरात असतात. आई व्हिसा बदलल्यावरही त्या स्वयंपाकघरात जात राहिली, गुडघ्यांनी नाही म्हणेपर्यंत. रूबी म्हातारी होऊन गेली. टिली आहे, आता तीच त्या गटातली थोराड बाई आहे, आणि नवं कोणी आलं की लोरेनच्या जागी आलेली मुलगी त्याला आधी टिलीच्या शेजारी ठेवते.

पण मला सांगायचं आहे ते मी तिथून निघाले त्या दिवसाचं. कॉलेज सुरू होणार होतं, बाबा मला न्यायला आले होते. ते आत आले नाहीत, पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे राहिले. लोरेन मला म्हणाली, "जा, भेटून ये. आता चालेल." मी बऱ्याच महिन्यांनी त्या इमारतीत शिरले आणि लाल रेषेच्या बाहेर उभी राहिले. रूबी गवतात बसली होती आणि टिली तिच्या पोटाशी. टिली वाढली होती, तिच्या चेहऱ्यावर काळसर ठिपके आले होते. तिनं मला पाहिलं. घशातून हळू 'हू' केलं, तोच जुना आवाज, आणि रूबीच्या अंगावरून उतरून ती जाळीकडे यायला निघाली. दोन-तीन पावलं आली असेल. रूबीनं हात लांब करून तिचा घोटा धरला आणि तिला मागे ओढलं. मग तिनं टिलीला पाठीवर घेतलं, स्वतः सगळी वळली आणि आपलं रुंद अंग माझ्या आणि तिच्या मधे घातलं. खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. तिचे केस थोडे उभे राहिले होते. इतके दिवस माझ्या लेसशी खेळणारी रूबी ती. पण तिच्या हातून पिल्लं काढून नेणारी सगळी माणसं माझ्यासारखीच दिसायची, दोन पायांवर उभी, जाळीच्या बाहेर.

मी खाली बसले आणि दुसरीकडे बघितलं. नको असेल तर नाही, हे त्यांच्यात असं सांगतात. थोड्या वेळानं मागून मच-मच ऐकू यायला लागलं. मी मागे न बघता उठले, हात धुतले आणि बाहेर आले.

बाबांनी माझी बॅग डिकीत ठेवली होती. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "ओळखलं का तिनं?"

"ओळखलं. येत होती."

"मग?"

"रूबीनं येऊ दिलं नाही."

बाबा काचेतून पाइनच्या झाडांकडे बघत राहिले. "चांगली आहे मग ती," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.